उभं राहायला मनाई

नगरला तेव्हा छापखाने पुष्कळ होते, पण 'येडा छापखाना' एकच होता, आणि मी त्यात नोकरीला होते. टांगेवाल्याला छापखान्याचं खरं नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. 'येडा छापखाना' म्हटलं की बरोबर दारात आणून सोडायचा. या नावाचं सगळं श्रेय आमच्या बाईंचं.

बाई म्हणजे छापखान्याच्या मालकीण. नवरा गेल्यावर दीर समजूत घालायला आले. म्हणाले, वहिनी, बाईमाणसाला हे जमायचं नाही, मशीन विकून टाकू. बाईंनी शांतपणे विचारलं, "त्याबरोबर तुमचं काय विकू?" दीर चहा न पिता गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई छापखान्यात येऊन बसल्या. त्या बसल्या त्या बसल्याच. मी तिथं होते तोवर जागेवरून उठलेल्या मी त्यांना फारसं पाहिलं नाही. ठेंगण्या, सावळ्या, दाढेत कायम एक लवंग. आवाज असा की छपाईचं ट्रेडल मशीन चालू असतानाही मागच्या गल्लीत ऐकू जायचा.

मी मॅट्रिक होऊन प्रुफं वाचायच्या कामासाठी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक लग्नपत्रिका ठेवली आणि चुका काढायला सांगितल्या. मी दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घ काढून दाखवले. "आणखी?" आणखी काही दिसेना. बाई म्हणाल्या, "मुलीच्या आईचं नाव कुठाय? पोरगी काय एकट्या बापाला झाली?" ही चूक छापणाऱ्याची नव्हती, पण बाईंना ते पटायचं नाही. गिऱ्हाइकाला न विचारता त्या पत्रिकेत आईचं नाव घालून मोकळ्या व्हायच्या. मग वरबाप, वधूबाप तणतणत यायचे, भांडणं व्हायची. काही जण पत्रिका तशाच घेऊन जायचे, काही फेकून जायचे. एका वधूच्या आईनं मात्र लग्नाचे लाडू स्वतः आणून दिले होते, आणि ते बाईंनी सगळ्यांना वाटताना उगाचच आवाज चढवून 'कामं करा, खात काय बसलात' असं चालवलं होतं. खूश झाल्या की त्या जास्त ओरडायच्या.

गंडेदोऱ्यांच्या जाहिराती त्या घेत नसत. देवीचं पत्रक छापून वाटा, नाहीतर नुकसान होईल, असं सांगत एक बुवा आला होता. बाई म्हणाल्या, "ठेवून जा. काय नुकसान होतंय ते मला बघायचंय." बुवा पत्रक घेऊन गेला.

पण एवढ्यावरून कुणी छापखान्याला येडा म्हणत नाही. ते नाव पडलं बाईंच्या नियमांमुळं.

बाहेर ओट्यावर एक भलीमोठी लाकडी पेटी होती. आत येणाऱ्यानं, मग तो कामगार असो, गिऱ्हाईक असो की मामलेदार कचेरीतला कारकून, पायातलं काढून पेटीच्या झाकणातल्या खाचेतून आत टाकायचं. पेटीला कुलूप, किल्ली बाईंच्या कमरेला. परत जाताना बाईंकडं किल्ली मागायची. नवी कोरी चप्पल घालून आलेल्यांना वाटायचं, चोरीच्या भीतीनं केलंय, आणि ते बाईंचं कौतुक करायचे. जुन्या चपलांची माणसं चिडायची.

आत आलं की दुसरा नियम. उभं राहायचं नाही. छापखान्याचं काम माहीत नसेल त्याला सांगते. त्या वेळी एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा असायचा. खणाखणांच्या लाकडी ट्रेमध्ये, म्हणजे केसमध्ये, ते खिळे मांडलेले असत. जुळारी त्यातून एकेक उचलून हातातल्या लोखंडी स्टिकमध्ये ओळ जुळवायचा. सगळ्या जगात हे काम उभ्यानं चालायचं, कारण केस उंच घोडीवर तिरप्या ठेवलेल्या असत. आमच्या बाईंनी त्या घोड्यांचे पाय सुताराकडून कापून घेतले होते. जुळारी गोणपाटावर मांडी घालून बसायचे. गिऱ्हाइकालाही गोणपाट.

तिसरा नियम ऐकला तर माझ्या आईला खरंच वाटेना. डब्यात कांदा आणायचा नाही. भाजीत चालेल, पण आख्खा, कच्चा, भाकरीबरोबर फोडून खायचा तो नाही. नगर जिल्ह्यात राहून! आमचे मशीनवाले सायमनकाका रोज जेवायला बसले की सुस्कारा सोडायचे. "बाई जैन झाल्या," असं त्यांनी बाहेर पसरवलं होतं. सायमनकाका बाईंच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचे, डोक्यावर काळी टोपी, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. त्यांना आणखी एक दुःख होतं. त्यांच्या ट्रेडलभोवती बाईंनी लाकडी कठडा घालून घेतला होता, आणि त्याची दांडकी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून आणली होती. गुरं कोंडायची असतात तसली. ते आत शिरून आडणा लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं. बांधला बैल दावनीला. आता वैरन टाका."

आणि सकाळच्या पारी काम लागलं की थोड्या वेळानं बाई हाक द्यायच्या. सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसून गूळ-शेंगदाणे खायचे आणि वर पाणी प्यायचं. मला नको, माझी दाढ दुखते, उपास आहे, काही चालायचं नाही. बाई एकेकाच्या तोंडाकडं बघत बसायच्या. उपासाला शेंगदाणे चालतात, एवढंच उत्तर मिळायचं.

नगरच्या लोकांनी याची आपापली कारणं लावली होती. वैधव्यामुळं डोक्यावर परिणाम झाला. कुणी गुरू केला. कुणी म्हणे, छापखान्यात लक्ष्मी आहे, तिला चामडं चालत नाही. मीही पहिले काही महिने हेच धरून चालले होते. पगार वेळेवर मिळत होता, मग आपल्याला काय करायचंय?

तेव्हा आमच्याकडं तीन जुळारी होते. त्यातला दत्तू श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यातला. तिशीच्या आतला, उंच, मान खाली घालून काम करणारा. बोलायचा कमी, पण बोलला की शेजारच्या माणसाला हसू यायचं असं काहीतरी बोलायचा. एके दिवशी मी त्याच्याशेजारी बसून ऊस लागवडीवरच्या एका पुस्तिकेचा मजकूर मोठ्यानं वाचत होते आणि तो जुळवत होता. मी वाक्य वाचलं, त्याचा हात हलेना. वर बघितलं तर त्याचे डोळे एका बाजूला फिरलेले. स्टिक हातातून पडली, खिळे सांडले. अंग ताठ झालं आणि तो बसल्या जागी कलंडला. मग झटके सुरू झाले. तोंडाला फेस.

आमच्या गल्लीत एका बाईंना फिट यायची. लहानपणापासून मी काय बघितलं होतं? कुणीतरी पळत जाऊन चप्पल आणतं आणि नाकाला लावतं. मी तेच केलं. धावत ओट्यावर गेले. पेटीला कुलूप. मी कुलूप ओढतेय, ओढतेय, आणि मग मनात आलं, कांदा! आत पळाले. कांदा कुठला? आमच्या इथं कांदा आणायलाच बंदी. मी अशी मधोमध उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

बाई तोवर दत्तूजवळ बसल्या होत्या. त्यांनी जवळची केस बाजूला सारली होती, त्याला कुशीवर वळवलं होतं, सदऱ्याचं वरचं बटण काढलं होतं आणि डोक्याखाली कोऱ्या कागदांची चळत सरकवली होती. त्याला त्या धरत नव्हत्या, दाबत नव्हत्या, तोंडात काही घालत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. माझ्याकडं वर बघून म्हणाल्या, "तू उभी का? बस खाली."

झटके थांबले. दत्तू घोरायला लागला. बाईंनी त्याच्या अंगावर चादर टाकली आणि सगळे कामाला लागले, फक्त हळू बोलत. बऱ्याच वेळानं तो उठून बसला. गोंधळलेला, शरमलेला, कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. मला वाटलं, आता बाई विचारतील, कसं वाटतंय? बाई म्हणाल्या, "दत्तू, चहा पी. 'बेण्याची निवड' पर्यंत झालंय तुझं. पुढचं उद्या घे, आज सांडलेले खिळे भर नुसते." त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आधीचं सगळं मला सायमनकाकांनी सांगितलं. मी येण्यापूर्वी दत्तूला इथं पहिल्यांदा फिट आली ती उभ्यानं काम करताना. तो आडवा झाला तो घोडीच्या पायावर, कपाळ फुटलं. सगळ्यांनी माहीत होतं ते केलं. कुणी चप्पल लावली, कुणी कांदा फोडून नाकात पिळला, दोघंजण छातीवर बसले. बाई आतून आल्या तेव्हा दत्तू शुद्धीवर येत होता. डोळे उघडल्यावर त्याला पहिलं काय दिसलं, तर चपलेचा तळ. दत्तूनं रक्त पुसलं आणि डबा पिशवीत घालायला लागला.

"कुठं निघालास?"

"घरी. आता काढनारच की तुमी."

आधीच्या दोन छापखान्यांनी त्याला असंच काढलं होतं. म्हणून इथं त्यानं सांगितलंच नव्हतं.

"काढायचं का नाही हे ठरवायला मालक मी आहे का तू?" बाई म्हणाल्या आणि त्याच दिवशी त्याला टांग्यात घालून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांची त्यांनी उलटतपासणी घेतली म्हणे. चप्पल लावली तर काय होतं? काही होत नाही. कांदा? काही होत नाही. मग थांबते कशानं? आपोआप थांबते. मग लोक कशाला लावतात? पडला तर लागणार नाही असं बघा, कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, आणि गोळ्या एक दिवसही चुकवू देऊ नका, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुतार आला. घोड्यांचे पाय कापले गेले, आणि दत्तू चालत्या मशीनवर पडू नये म्हणून ट्रेडलभोवती कठडा आला.

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणी काय केलं असतं? दत्तूला एका कोपऱ्यात बसवलं असतं, बाकीच्यांना चार गोष्टी शिकवल्या असत्या. मी एकदा बाईंना हे विचारलं. त्या म्हणाल्या, "शिकवून काय होतं? माणूस घाबरला की शिकवलेलं विसरतो आणि पाहिलेलं करतो. तू नाही का पळालीस? हातात चप्पलच नसली तर हुंगवील काय?"

"पण सगळ्यांना कशाला खाली बसवलंत?"

"त्याला एकट्याला बसवलं असतं तर तो आजारी दिसला असता. सगळे बसले की छापखाना येडा दिसतो. दिसू दे."

गूळ-शेंगदाण्यांचंही तेच. सगळे काहीतरी गिळत असायचे, त्यात दत्तू गोळी गिळायचा. मी शेजारी बसूनही ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बाईंच्या घरात कुणाला तरी फिट येत असणार, असा माझा तर्क होता. भाऊ असेल, मूल असेल. एकदा धीर करून विचारलं. "नाही," बाई म्हणाल्या. "मग?" "मग काय? जुळारी आहे तो माझा. हात चांगला आहे. आणखी कसलं कारण लागतं?" मला त्या वेळी हे उत्तर तोडल्यासारखं वाटलं होतं. पुढं आयुष्यात बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या, बरेच साहेब बघितले, तेव्हा कळलं की असं उत्तर देणारं माणूस किती दुर्मीळ असतं.

त्या दत्तूला लाडावत होत्या असं मात्र कुणी समजू नये. त्याच्या प्रुफात चुका निघाल्या की इतरांपेक्षा जास्त बोलणी त्यालाच बसायची. एकदा त्यानं एका पानात भरमसाट चुका केल्या आणि तोंड वाईट करून म्हणाला, "बाई, परवा फिट आल्ती, डोकं जड हाय." बाई म्हणाल्या, "फिट तुला आली होती. शुद्धलेखनाला नाही." सगळा छापखाना हसला, आणि सगळ्यात जास्त दत्तू हसला.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक साखर कारखाना. त्यांचा वार्षिक अहवाल, ऊस नोंदीची कार्डं, सभेच्या नोटिसा, सगळं आमच्याकडं. त्या साली पाऊस आदल्या वर्षीही झाला नव्हता आणि त्याही वर्षी होत नव्हता. लग्नं पुढं ढकलली जात होती, पत्रिका बंद. कारखान्याच्या कामावरच आमच्या चुली चालल्या होत्या म्हटलं तरी चालेल. अहवालाची शेवटची प्रुफं बघायला कारखान्याचे चेअरमन स्वतः जीपमधून आले. बरोबर दोन माणसं. तिघांचेही जोडे पेटीत गेले, तिघंही गोणपाटावर बसले. चेअरमन हसून घेत होते. आणि दत्तूला फिट आली.

एक माणूस जोडे आणायला पळाला आणि पेटीशी झटायला लागला. दुसरा "कांदा हाय का, कांदा?" करत फिरायला लागला. चेअरमन उठून दत्तूच्या डोक्याशी उभे राहिले. बाई म्हणाल्या, "साहेब, खाली बसा. वारा अडतोय." चेअरमनांना असं कुणी बोललं नसावं. ते बसले. मग दत्तू झोपला आणि ते नेहमीच्या आवाजात बोलायला लागले, तर बाई म्हणाल्या, "हळू. माणूस झोपलाय." सगळ्या तालुक्याला दटावणारा माणूस आमच्या इथं कुजबुजत होता.

"बाई, ह्ये काय बरं न्हाई. सभेचं काम, आन् असल्या मानसाच्या हातनं? ह्ये बाहेरचं असतंय. काढून टाका त्याला. न्हाईतर आमाला दुसरीकडं बघावं लागंल."

बाईंनी पहिल्या पानाचं प्रुफ त्यांच्यासमोर धरलं. "हे तुमचं नाव, साहेब. चेअरमन म्हणून, सगळ्यात वर. हे यानंच जुळवलंय. बाकीचा अहवाल दुसऱ्यांनी केलाय, तो राहू दे. याच्या हातचं तेवढं काढते आणि तिथं मोकळी जागा ठेवते. चालेल?"

मी तोंडावर पदर दाबला. चेअरमनांनी किल्ली मागितली.

अहवाल नावासकट छापून गेला. पण पुढचं काम आलं नाही. ना कार्डं, ना नोटिसा. ते सगळं बेलापूरकडं कुणाच्या तरी पाहुण्याच्या छापखान्यात गेलं. आमचं ट्रेडल दिवसचे दिवस बंद राहायला लागलं. बाईंनी कुणाचा पगार तोडला नाही, पण त्यांच्या हातातल्या पाटल्या एकदा दिसेनाशा झाल्या, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणी बोललं नाही.

बोलले ते सायमनकाका. त्यांना चार मुलं. एके दुपारी ते बाईंसमोर जाऊन बसले. "बाई, राग मानू नका. एका मानसापायी आपन समदे बुडायचं का? चेअरमनकडं जावा, सांगा, काढला त्याला. नंतर बघू त्याचं काय ते."

बाई एवढंच म्हणाल्या, "झालं बोलून? मशीनला तेल घाला." दत्तू चहाला गेलाय असं काका समजत होते. तो कागदाच्या रिमांमागं बसून सुतळी गुंडाळत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी. तिसऱ्या दिवशीही. त्याच्या गोळ्यांची बाटली कपाटातच राहिली होती. बाईंनी विचारलं तेव्हा सायमनकाकांनी स्वतःच मान खाली घालून सांगितलं, "माजं बोलनं ऐकलं त्यानं." मला वाटलं आता आभाळ कोसळणार. बाई रागावल्या नाहीत. "उद्या सकाळच्या एस्टीनं त्याच्या गावाला जायचंय," म्हणाल्या. "सायमन, तुम्हीही चला."

"मी कशाला, बाई? माजं त्वांड बघंल का त्यो?"

"तुम्ही बोलला ते त्यानं ऐकलं. आता आणखी काय बोलाल तेही ऐकेल." आणि मला म्हणाल्या, "तू पण चल गं. एस्टीत मला बोलायला कोण आहे?" बाईंनी छापखाना एक दिवस बंद ठेवला. असं मी तिथं असताना तेवढं एकदाच झालं.

दत्तूच्या घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, मायलेक दोघं खडीच्या कामावर गेलेत. गावाबाहेर दुष्काळी काम चालू होतं. उघड्या माळावर सगळं गाव बसलेलं, बायका, पुरुष, म्हातारी माणसं. सगळीकडं हातोड्यांचा आवाज, डोळ्यांत धूळ. एका बाजूला मजुरांना खायला सुकडी वाटायची पिंपं. दत्तू एका ढिगाशी खडी फोडत होता, शेजारी त्याची आई. बाईंना बघून तो उठला आणि लगेच इकडंतिकडं बघायला लागला.

"बाई, तुमी हितं कशाला आला? हळू बोला. गावात कुनाला म्हाईत न्हाई." आई पदर तोंडाशी धरून हात जोडायला लागली. "सोयरीक चालूये वो त्याची. काय बोलू नका."

बाईंनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून त्याच्या हातात दिली. दत्तूनं ती खिशात घातली. "मी न्हाई यायचा, बाई. तुमच्या हातात पाटल्या न्हाईत. काकांची पोरं... हितं बरं हाय. खडीत माज्यापायी कुनाचं काम जात न्हाई."

"हितं फिट आली, तर?" सायमनकाकांनी विचारलं.

"अजून आली न्हाई."

सायमनकाका खाली बसले, पलीकडचा एक हातोडा उचलला आणि दत्तूच्या ढिगातले दगड फोडायला लागले. फटाफट, टोपीतून घाम गळत. दत्तूही बसला. दोघं शेजारी शेजारी खडी फोडत होते आणि बाई नि मी उन्हात बसून बघत होतो. मग दत्तूचा हातोडा वर गेला तो खाली आलाच नाही.

गोळ्या इतके दिवस बंद. फिट मोठी होती. मी उठेपर्यंत चारी बाजूंनी माणसं धावली. कुणी वहाण हातात घेऊन, कुणी "कांदा आना, कांदा" करत. मुकादम "मिरगी हाय, मिरगी, धरा त्याला" म्हणून ओरडत होता. तेवढ्यात सायमनकाका उठले. सगळा जन्म मशीनशी काढलेला तो माणूस, कधी चारचौघांत आवाज न चढवलेला, हात पसरून उभा राहिला आणि ओरडला, "लांब व्हा! वारा येऊ द्या! पायातलं पायात ठिवा समद्यांनी!" लोक थबकले. काकांनी दगड बाजूला ढकलले, दत्तूला कुशीवर केलं आणि स्वतःची टोपी त्याच्या डोक्याखाली घातली. बाईंनी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. मला रडू आलं, खरं सांगते, आणि ते दुःखाचं नव्हतं.

पण दत्तूच्या आईनं त्याच्या तोंडावर आपला पदर टाकला होता आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता.

"पदर काढा, आजी," बाई म्हणाल्या.

"समदं गाव बघतंया, बाई. उद्या कोन पोरगी दील त्याला?"

"आधी त्याला श्वास घेऊ द्या. पोरगी नंतर."

म्हातारी हलेना. बाई तिच्याजवळ सरकल्या. मी त्यांचा आवाज एवढा हळू कधी ऐकला नव्हता. "आमच्याकडं तो तोंड उघडं ठेवूनच पडतो. झोपतो, उठतो आणि कामाला लागतो. तुम्ही त्याच्या जागी लाजू नका. तो काही चोरी करत नाहीये."

म्हातारीनं सगळ्या गावाकडं एकदा बघितलं. मग पदर उचलला आणि त्याच पदरानं लेकाच्या तोंडावरचा फेस पुसला. झटके थांबले होते. भर उन्हात, सगळ्यांच्या समोर, दत्तूचं तोंड उघडं होतं. थोड्या वेळानं मुकादमानं सुकडीच्या पिंपावरचं गोणपाट आणून त्याच्यावर सावली धरली.

दत्तू जागा झाला तेव्हा सायमनकाका त्याच्या डोक्याशी बसले होते. "दत्तू, मी बोललो ते वंगाळ बोललो. मशीन बंद हाय म्हनून डोस्कं फिरलं हुतं माजं. चेअरमनचं काम ग्येलं तर ग्येलं. हिंडून दुसरं आनू. पर तू चल."

तो हळूहळू उठून बसला. समोर माणसंच माणसं. त्यानं आईकडं बघितलं.

"समद्यांनी बघितलं?"

"व्हय रं, बाळा."

मग त्यानं मान वर केली आणि समोरच्या एकेका माणसाकडं बघितलं, कुणालाही न चुकवता. बाजूला पडलेला हातोडा उचलून मुकादमाच्या हातात दिला, काकांची टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि बाईंना विचारलं,

"नगरची येष्टी किती वाजता हाय?"